छेद कुणी विचारत नाही

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मंडळाचं बॅनर छापायचं होतं म्हणून मी फ्लेक्सवाल्याकडे गेले, दुकान एवढंसं, आत ते लांबलचक मशीन चाललेलं आणि शाईचा उग्र वास, माझा नंबर यायला वेळ होता म्हणून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलाच्या मागे स्टूल घेऊन बसले. तो एका मुलीचा फोटो कापत होता. पासपोर्ट साइजचा साधा फोटो, मागची पांढरी भिंत काढायची, कपाळावरचे केस नीट करायचे, चेहरा जरा उजळ करायचा आणि मग तिला निळ्या बॅकग्राउंडवर बसवायचं, खाली मोठ्या आकड्यात रँक. मी सहज म्हटलं, हुशार दिसतेय पोरगी. तर तो म्हणाला, मॅडम, ही मागच्या आठवड्यात पण आली होती, तेव्हा लाल बॅकग्राउंड होतं, ते दुसऱ्या सरांचं काम होतं. आणि त्यानं खरंच दुसरी फाइल उघडून दाखवली. तोच फोटो, तोच पिवळा कुर्ता, कानातले पण तेच, क्लास मात्र वेगळा.

इंदौरला रामबागेत माझं घर, तिथे पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. मी सव्वीस वर्षं घरीच गणिताच्या ट्यूशन घेते, आठवी नववी दहावीच्या, आणि दरवर्षी जूनमध्ये मुलांना अपूर्णांक पुन्हा एकदा पक्के करून देते कारण तिथेच सगळ्यांचं गाडं अडतं. वर अंश, खाली छेद. छेद माहीत नसेल तर अंशाला काही अर्थ नाही, हे मी हजारदा सांगितलं असेल. आमच्या क्लासची पाच मुलं पहिली आली असं कुणी म्हटलं तर विचारायचं, कितीपैकी पाच? सातपैकी की सात हजारांपैकी? त्या होर्डिंगवर नुसता अंश असतो, रंगवून, उजळ करून, दोन मजली उंचीचा. छेद कुठेच नसतो. आणि मला आता असं ठाम वाटायला लागलंय की आज आपण ज्याला यश म्हणतो, सिनेमातलं, क्रिकेटमधलं, रीलवालं, कलेक्टर झालेलं, ते सगळं असंच छेद लपवून आपल्याला दाखवलं जातं आणि हे चुकून होत नाही, ह्याच्यावर खूप लोकांचा धंदा चालतो.

इंदौर बाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे भंवरकुआं म्हणून भाग आहे, तिथे एकदा संध्याकाळी जाऊन बघा. खंडवा, बडवानी, रीवा, सतना, कुठून कुठून मुलं आलेली असतात, राज्याची पीएससी, यूपीएससी, बँक, व्यापमं म्हणजे राज्याच्या इतर भरती परीक्षा, ह्यांच्या तयारीसाठी, एका खोलीत तीन तीन जण राहतात, टिफिन लावलेला, लायब्ररीत महिन्याच्या हिशोबानं खुर्ची भाड्यानं घेतलेली. आणि मान वर केली की सगळीकडे चेहरे. सिलेक्ट झालेल्यांचे. त्या मुलांसाठी शाहरुख खान लांब राहिला, हेच त्यांचे स्टार. त्यांच्या मुलाखती यूट्यूबवर बघतात, ते किती वाजता उठायचे, कुठल्या पेननं लिहायचे, सगळं पाठ असतं ह्यांना.

आता आकडे घ्या. यूपीएससीच्या २०२३ च्या सिव्हिल सर्व्हिस परीक्षेला अर्ज आले १० लाख १६ हजारांच्या वर आणि शेवटी नावं आली १०१६. म्हणजे जवळजवळ बरोबर हजारात एक. हा आकडा काही गुप्त नाही, आयोग स्वतः जाहीर करतो, पेपरात येतो. पण हजारात एक हा आकडा कधी होर्डिंगवर बघितलाय कुणी? आणि त्या एकाचा हिशोबसुद्धा सरळ नसतो. २०२२ च्या यूपीएससीत एकूण ९३३ जण निवडले गेले, त्यातले ६८२ आमचे असं एका कोचिंगनं जाहिरातीत सांगितलं, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तपासलं तर त्यातले ६७४ जण नुसता मॉक इंटरव्ह्यू द्यायला आले होते. म्हणजे आधीच्या दोन्ही परीक्षा स्वतःच्या जिवावर पास करून मुलगा शेवटच्या पायरीवर पोचला, तिथे तासभर यांच्यासमोर बसून गेला, तर तो यांचा झाला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम आले, की निवड झाल्यावर मुलाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरायचा नाही, त्यानं कुठला कोर्स घेतला, किती दिवसांचा, पैसे भरून घेतला का, ते लिहायचं. चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच की त्याच ओळीत अजून एक आकडा पाहिजे, त्या वर्षी त्या कोर्सला एकूण किती जणांनी पैसे भरले होते.

हे फक्त कोचिंगचं आहे असं समजू नका, कोचिंग आपल्या दारात आहे म्हणून दिसतं इतकंच.

क्रिकेटचं बघा. रजत पाटीदार आमच्या इंदौरचा, ३ जून २०२५ ला त्याच्या कप्तानीखाली बेंगळुरूनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली तेव्हा राजवाड्यावर काय जल्लोष झाला, मी पण रात्री जागून मॅच बघितली आणि मला खरंच भरून आलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चॅनलवर एकच गोष्ट, हार मानली नाही म्हणून जिंकला. पण ती पूर्ण गोष्ट आठवून बघा ना. २०२२ च्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नव्हतं. दहा टीम, एकानं पण बोली लावली नाही. नंतर बेंगळुरूच्या टीममधला एक खेळाडू जखमी झाला, त्याच्या जागी वीस लाखात याला बोलावलं, आणि २५ मेला ईडन गार्डन्सवर यानं लखनौविरुद्ध नाबाद ११२ मारले. महिन्याभरात रणजीच्या फायनलमध्ये मुंबईविरुद्ध १२२, आणि चंद्रकांत पंडितांच्या कोचिंगखाली मध्य प्रदेशानं पहिल्यांदा रणजी जिंकली. आता तो दुसरा मुलगा जखमी झाला नसता तर? पाटीदारची मेहनत काय कमी झाली असती का? तोच हात, तीच बॅट, तीच पहाटेची नेट प्रॅक्टिस, आणि कदाचित आपल्याला त्याचं नावही फारसं माहीत नसतं. त्याचं कर्तृत्व मी तसूभरही कमी करत नाही, उलट माझं म्हणणं हे की त्याच्याइतकीच मेहनत करणारे, आणि ज्यांच्यासाठी कुणी जखमी झालं नाही असे, कितीतरी असतील आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहला मोठा लिलाव झाला, त्याला १५७४ खेळाडूंनी नावं दिली होती आणि विकले गेले १८२. आणि हे १५७४ म्हणजे सुद्धा गाळून गाळून वर आलेले, त्यांच्या खाली गावोगावच्या अकॅडमींमधली पोरं किती असतील, त्यांच्या आयांनी पॅड आणि बॅटसाठी कुठला दागिना मोडला असेल, हा छेद मोजायला कुणी बसलेलंच नाही.

मेहनत केली की मिळतं, हे वाक्य अर्धं खरं आहे. मेहनत न करता मिळत नाही, हे बरंचसं खरं. पण त्यावरून मेहनत केली की मिळतंच, असं काही निघत नाही. गणितात ह्याला व्यत्यास म्हणतात आणि व्यत्यास दरवेळी खरा असतोच असं नाही, हे आम्ही नववीला शिकवतो. पण मोठी झाली की माणसं हे विसरतात आणि कुणाच्या मुलाला नाही मिळालं की लगेच म्हणतात, अभ्यास कमी पडला असणार.

माझा एक जुना विद्यार्थी, नाव नाही लिहीत, दहावीला गणितात ९६ होते त्याला. इंजिनीअरिंग केलं आणि मग पीएससीच्या मागे लागला. २०१९ ची राज्यसेवा परीक्षा, तिची प्रिलिम्स जानेवारी २०२० मध्ये झाली आणि अंतिम निकाल लागला डिसेंबर २०२३ ला, मध्ये कोविड, मध्ये आरक्षणाची कोर्टातली केस, मध्ये नियम बदलले, मेन्सचा घोळ. जवळजवळ चार वर्षं. मुलगा २४ चा होता तो २८ चा झाला. त्याचं नाव आलं नाही. पुढच्या दिवाळीला आई त्याला घेऊन आमच्याकडे फराळाला आली, तो ओटल्यावरच बसून राहिला, आत येईना, मी चकलीची डिश घेऊन बाहेर गेले तर म्हणाला, काकू, माझ्यातच काहीतरी कमी असणार. बघा हं, परीक्षेला चार वर्षं लागली ती त्याच्यामुळे नाही, जागा कमी त्या त्याच्यामुळे नाही, आणि दोष मात्र पूर्णपणे स्वतःच्या डोक्यावर घेतला त्यानं. मला वाटतं ह्या सगळ्या चमचमाटाचं खरं काम हेच आहे. वर एक चेहरा लटकवला की खालचे सगळे एकमेकांकडे बघायचं सोडून त्या चेहऱ्याकडे बघत राहतात आणि स्वतःला विचारतात, त्याला जमलं मग मला का नाही. जागाच इतक्या थोड्या का, हा प्रश्न कुणाच्या तोंडात येतच नाही.

मी पण लतादीदींच्या गोष्टी मुलांना सांगतच मोठी झालेली बाई आहे. २८ सप्टेंबर १९२९, इंदौरला जन्म, आम्हाला त्याचा केवढा अभिमान, १९८४ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार इथेच दिला जातो. पण ह्यांच्याही गोष्टीतला एक भाग मला फार उशिरा कळला. १९४९ ला महल सिनेमातलं त्यांचं ते गाणं घरोघरी पोचलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं कामिनी. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. लोक रेडिओला विचारायचे, ही कोण गाते. गाणारी बाई म्हणजे कारखान्यातली कामगार असावी तसं होतं, आवाज घ्यायचा, नाव नाही द्यायचं. पुढे दीदी भांडल्या, गाणाऱ्याला वेगळा पुरस्कार हवा म्हणून त्यांनी फिल्मफेअरच्या कार्यक्रमात गायला नकार दिला आणि मग १९५९ पासून गायनाचा पुरस्कार सुरू झाला, रॉयल्टीसाठी भांडल्या आणि त्यापायी रफीसाहेबांसोबत कितीतरी दिवस गायल्या नाहीत. हा भाग आपण मुलांना सांगतो का? आपण सांगतो की वडील १९४२ ला गेले, बारा वर्षांची पोर घर चालवायला उभी राहिली, कष्ट केले, मोठी झाली. कष्टाचं सांगतो, भांडणाचं गाळतो. आणि त्यांच्या गाण्यांमागे वाजवणारी माणसं, व्हायोलिनवाले, गोव्याहून आलेले कितीतरी अरेंजर, ज्यांनी ते सूर कागदावर उतरवले, त्यांची तर नावंही आपल्याला माहीत नाहीत. ज्या वाद्यवृंदाशिवाय ते गाणं उभंच राहिलं नसतं तो आख्खा वाद्यवृंद छेदात गेला.

आता कुणी म्हणेल, राजा महाराजांच्या काळातही स्टार होतेच की. होतेच. होळकरांच्या टीममध्ये सी. के. नायडू होते, १९३२ च्या पहिल्या टेस्टचे कप्तान, मुश्ताक अली इथलेच, त्यांच्यासाठी कलकत्त्याला लोक रस्त्यावर उतरले होते. होळकर टीमनं चार वेळा रणजी जिंकली. माझे सासरे सांगायचे, नायडू रस्त्यानं जाताना दिसले तरी पोरं सायकल थांबवून बघत राहायची. पण बघून झालं की घरी जायची. नायडूंच्या चेहऱ्यावर दर दहा मिनिटांनी कुणी त्या पोरांना काही विकत नव्हतं. आज चेहरा मोठा होतो तोच मुळी विकण्यासाठी. तुम्ही तुमच्या मुलाला म्हणता अमक्यासारखा हो आणि तो अमका त्याच मुलाला संध्याकाळी मॅचच्या मध्ये सांगतो, टीम बनव, पैसे जिंक. ते पैसे लावून खेळायचे अॅप शेवटी ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद झाले, तेव्हा सरकारनेच अंदाज सांगितला होता की वर्षाला ४५ कोटी लोक मिळून जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात. मी मुलांना भागाकार करायला लावला. माणशी ४४४ रुपये. मुलं म्हणाली, एवढेच? मी म्हटलं ही सरासरी आहे, कुणाचे चाळीस गेले असतील आणि कुणाचं शेत गेलं असेल. जिंकलेल्या एकाचा फोटो मात्र मोठा चेक हातात धरून सगळ्यांनी बघितला होता. पानमसाल्याच्या जाहिरातींचंही तेच, वेलचीच्या नावाखाली चालतात त्या. २०२१ ला अमिताभ बच्चन त्यातून बाहेर पडले, २०२२ ला अक्षय कुमारनं माफी मागितली, मागितली त्याचं कौतुक आहे, पण मागावी लागली ती लोक ओरडले म्हणून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या जाहिरातीसाठी चेहऱ्यावरही दंड आहे, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पण जे एका जाहिरातीचे कोटी घेतात त्यांना दहा लाखांचं काय.

शर्विन रोझेन म्हणून एक अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते, त्यांनी १९८१ मध्येच ह्याचं गणित मांडलं होतं. साध्या भाषेत असं की पूर्वी प्रत्येक गावाला आपला गवई लागायचा, कारण लांबचा गवई रोज येऊ शकत नाही. रेकॉर्ड आली, रेडिओ आला, टीव्ही आला, की एकच गवई सगळ्या गावांत एकाच वेळी पोचतो आणि मग जो त्याच्यापेक्षा अगदी थोडासा कमी आहे त्याची कमाई थोडीशी कमी होत नाही, जवळजवळ संपते. गुणात फरक एकोणीस वीसचा आणि पैशात फरक जमीन अस्मानाचा. आता हातात फोन आहे तर हे हजारपटीनं झालंय. माझीच एक विद्यार्थिनी छप्पन दुकान ह्या आमच्या खाऊगल्लीत खाण्याच्या रील बनवते, गोड मुलगी, बोलते छान, एकदा हौसेनं मला फोन दाखवायला आली, काकू, ह्याला सव्वा लाख व्ह्यू आले. मी खूश झाले, विचारलं, मग मिळाले किती? आठशे रुपये आणि एक प्लेट. आणि तेवढ्यासाठी तिनं उन्हात चार तास शूट केलं होतं, रिक्षाचं भाडं स्वतःचं. तिला ते आठशे कमी वाटत नव्हते, तिला वाटत होतं की हे सुरुवातीचं आहे, पुढे येतील. पुढे येतील ह्या आशेवर अशी लाखो मुलं कंपनीसाठी रोज फुकट माल तयार करतात. आणि जमीन तर दुसऱ्याची. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, एका रात्रीत, बंद का केलं तो विषय वेगळा, पण गावाकडच्या ज्या मुलामुलींचे लाखो फॉलोअर होते त्यांच्याकडे सकाळी काय उरलं? दुकान जळालं तर निदान जागा तरी राहते.

मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते मिलबद्दल. आमच्या इंदौरला अनंत चतुर्दशीच्या रात्री झांकी, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघतात, शंभर वर्षांची परंपरा, हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल, स्वदेशी, राजकुमार, प्रत्येक मिलची आपली झांकी, विजेच्या दिव्यांनी लखलखणारी, हलणारी चित्रं, कृष्ण काय, रामायण काय. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून जेल रोडला पहाटेपर्यंत बघितल्यात. आई थर्मासमध्ये चहा आणायची आणि आजूबाजूच्या चार घरांत तो वाटला जायचा. त्या झांकी बनवायचे कामगार. दिवसा लूमवर आणि रात्री झांकीवर. कुणाचं नाव लिहिलेलं नसायचं, मिलचं नाव असायचं. तरीपण मालवा मिलची यंदा भारी हं, असं कुणी म्हटलं की आमच्या शेजारचे काका, जे तिथे होते, त्यांची छाती फुगायची, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मी मिलला स्वर्ग म्हणत नाही. कापसाची धूळ छातीत जायची, मशीनच्या आवाजानं माणसं पन्नाशीत बहिरी व्हायची. पण त्या मिलमध्ये साध्या माणसाला मिळेल असं एक यश होतं. कायम नोकरी, पीएफ, दोन खोल्या, मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, रिटायर झाल्यावर मंदिराच्या कट्ट्यावर बसायला वेळ. ते यश हजारात एकाला नव्हतं, हजारातल्या शेकडोंना होतं. मग एकेक करून मिल बंद पडल्या. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि हजारो कामगारांचे पैसे अडकले. सेठ हुकुमचंद, त्यांना कॉटन किंग म्हणायचे, काच मंदिर त्यांचं, शीश महाल त्यांचा, गाईड आजही पर्यटकांना दाखवतात. आणि कामगार? त्यांची थकबाकी, जवळपास २२४ कोटी, त्याचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. तीस वर्षांच्या वर झाली होती. कितीतरी जण तोपर्यंत गेले, पैसे विधवांच्या, मुलांच्या, नातवंडांच्या हातात आले. तीस वर्षं ही म्हातारी माणसं मिटिंगा घेत राहिली, कोर्टात जात राहिली, एकमेकांना धरून राहिली. ह्याच्यापेक्षा मोठी हार न मानल्याची गोष्ट मला माहीत नाही. पण ती प्रेरणा म्हणून कुणी ऐकवत नाही, कारण ती ऐकून माणूस काही विकत घेत नाही, उलट चार लोक गोळा करून आपला हक्क मागायला लागेल.

आणि बघा, झांकी अजून निघतात. मिल नाहीत, झांकी आहेत. वर्गणी गोळा करून, महापालिकेकडून थोडी मदत मिळवून, तीच माणसं आणि त्यांची मुलं बनवतात.

म्हणून मला वाटतं स्टारचं वेड वाढलंय ते लोक मूर्ख झाले म्हणून नाही, आजकालची पोरं फोनमुळे बिघडली हे म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. मधली पायरी गेली म्हणून वाढलंय. जिथे नीट पगाराची, नीट सुट्टीची, सन्मानाची साधी नोकरी मिळत नाही तिथे माणूस शेवटच्या पायरीकडेच बघणार, दुसरं बघायला आहे काय? आई बाप पण काय करतील, एकीकडे बारा हजारांची कॉन्ट्रॅक्टची नोकरी आणि दुसरीकडे होर्डिंगवरचा कलेक्टर, मग जमीन विकून पोराला भंवरकुआंला पाठवतात. त्यांना दोष देणं अन्याय आहे.

काही जण मला म्हणतात, मग काय मुलांनी स्वप्नंच बघायची नाहीत का? अहो बघू द्या ना. मी स्वतः मुलांना ऑलिंपियाडला बसवते, रात्री अकराला फोन आला तरी गणित समजावते. गरिबाघरची पोरं वर येतात ते खोटं नाही, माझ्याकडची दोन तीन आलीत आणि त्यांच्या पेढ्यांची चव मला अजून आठवते. पण स्वप्न दाखवणाऱ्यानं त्याची किंमत सांगितली पाहिजे आणि नाही जमलं तर पुढे काय, ते पण सांगितलं पाहिजे. आपण भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारतो, पोराची पाच वर्षं देताना विचारत नाही. आणि घरात सुद्धा आपण कसं बोलतो ते बघा. कोण काय करतो विचारलं की बँकेत आहे रे साधा, असं म्हणतो. साधा कशाला? लोकांचे पैसे सांभाळतो तो. नर्स आहे फक्त, असं म्हणतो. फक्त? सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून इंदौरचं नाव देशभर झालं, सेल्फी पॉइंट झाले, पण पहाटे पाचला ज्या बायका आमच्या गल्लीत झाडू मारतात त्यातल्या एकीचं तरी नाव मला माहीत होतं का? मी ह्या वर्षी विचारलं. आता रोज नावानं हाक मारते. शहराच्या ह्या एवढ्या मोठ्या अंशाच्या खाली त्या आहेत.

त्या फ्लेक्सवाल्या प्रसंगानंतर मी ट्यूशनला येणाऱ्या पालकांना एक गोष्ट सांगायला लागले, की कुठेही फी भरायच्या आधी एक प्रश्न विचारा, मागच्या वर्षी ह्याच बॅचला एकूण किती मुलं होती. बस एवढंच. आमच्या मागच्या बोळातले एक गृहस्थ, प्रेसचं दुकान आहे त्यांचं, मुलगी दहावी झाली, तिला मोठ्या क्लासला घालायचं होतं, फी पावणेदोन लाख. त्यांनी खरंच विचारलं. परवा संध्याकाळी इस्त्रीचे कपडे द्यायला आले तेव्हा सांगत होते, वहिनी, त्या काउंटरवरच्या मुलीनं आधी मला परत विचारलं, काय म्हणालात, मग आत गेली, मला पाणी आणून दिलं, मी वीस मिनिटं बसलो, भिंतीवरचे सगळे फोटो बघून झाले, मोजले पण, एकेचाळीस होते. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, सर मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही फॉर्म भरून ठेवा. मी विचारलं, मग भरलात? ते म्हणाले, नाही, घरी घेऊन आलोय, परत जाणार आहे उद्या, आकडा मिळाला की भरीन.